एक पत्र, तीन ‘डॉक’ आणि अण्णांची सही

२०१८ च्या पावसाळ्यातलं हे प्रकरण. मुंबईतल्या घोडपदेवच्या एका वाचनालयात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसते. माणसं इंग्रजी कागद घेऊन येतात. कुणाचा विम्याचा, कुणाचा बँकेचा, कुणाचा कोर्टाचा. मी वाचून मराठीत सांगते आणि लागलंच तर उत्तर लिहून देते. दिवसा माझं पोटापाण्याचं काम कायदेशीर कागदांच्या भाषांतराचं आहे. या प्रकरणातल्या कुटुंबाला विचारूनच हे लिहिते आहे. नावं सगळी गाळली आहेत.

अण्णा तेव्हा चोपन्न वर्षांचे. एका ठेकेदाराच्या गोदामात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांवर देखरेख करायचे. वडील गोदीत होते. आमच्या भागात ‘गोदीत होते’ एवढं सांगितलं की पुरतं, कुठली गोदी आणि काय काम हे कुणी विचारत नाही. अण्णा स्वतः गोदीत लागले नाहीत, पण लहानपणी वडिलांचा डबा पोचवायला जायचे. पगाराच्या दिवशी खिडकीसमोर लागलेली रांग त्यांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. पुढे जे घडलं त्यात या आठवणीचा हात आहे.

महिनाअखेरीला पगार ३,२५० रुपयांनी कमी आला. दिवसाला साडेसहाशे धरले तर पाच दिवसांचे पैसे. त्याच संध्याकाळी अण्णा पुतणीला घेऊन वाचनालयात आले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दीड पानाचं एक इंग्रजी पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

“ताई, हे पत्र आलं तेव्हाच आम्ही वाचलं होतं. सहीसुद्धा करून दिली. त्यात पैसे कापायचं काही नव्हतं हो.”

पत्रात काय होतं

पत्रात तीन गोष्टी होत्या. दिलेल्या पाच तारखांना तुम्ही ‘ॲबसेंट फ्रॉम डॉक नंबर थ्री’ होता. त्यामुळे पाच दिवसांचे ‘वेजेस शॅल बी डॉक्ड’. आणि याच काळात एका फौजदारी खटल्यात तुम्ही ‘स्टूड इन द डॉक’ असं समजतं, त्याची नोंद तुमच्या फाइलमध्ये घेतली जात आहे. खाली एक छापील ओळ होती: वरील मजकूर मी वाचला, मला समजला आणि तो मान्य आहे. त्याखाली अण्णांची वळणदार मराठी सही.

पुतणी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला, शाळा मराठी माध्यमाची. पोरगी हुशार आणि मन लावून काम करणारी. तिने पत्र मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये घातलं होतं. ॲपने पहिल्या दोन्ही ठिकाणी ‘डॉक’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवला. ‘डॉक क्रमांक तीनमध्ये अनुपस्थित’, ‘पाच दिवसांचे वेतन डॉक केले जाईल’. तिसऱ्या ठिकाणी मात्र ‘पिंजऱ्यात उभे राहिलात’ असं बिनचूक दिसणारं वाक्य दिलं. मग पुतणीने शब्दकोश उघडला. डॉक म्हणजे गोदी. तिने काकांना सांगितलं, “काका, डॉक म्हणजे गोदी.”

तिथून अण्णांनी आपल्या परीने अर्थ लावला, आणि तो लावताना ते एकदाही बेसावध नव्हते. मी त्यांना वाक्यागणिक विचारलं.

पहिलं वाक्य. “त्या दिवशी मी गोदीत नव्हतो हे खरंच आहे. गोदीत माझं काय काम? दहा वर्षांत तिकडे पाऊल टाकलं नाही.”

दुसरं. “मला वाटलं, पाच दिवसांचा पगार गोदीवरच्या खिडकीत देणार. आमच्या वडलांना मिळायचा तसा. ठेकेदाराचं ऑफिस तिकडं हललं असेल.”

तिसरं. “पिंजऱ्यात तर मी उभा होतोच. दोन दिवस.”

तिन्ही वाक्यं त्यांच्या लेखी खरी ठरली, म्हणून त्यांनी सही केली.

तीन नंबरचं शटर

पहिल्या दोन ठिकाणी काय झालं ते मला लगेच उमगलं. पण ‘डॉक नंबर थ्री’ ही जागा नेमकी कोणती, हे अण्णांनाही सांगता येईना. गोदामाच्या इमारतीला रस्त्याकडून सहा शटरं आहेत. प्रत्येक शटरसमोर ट्रकच्या पाटीच्या उंचीचा ओटा आहे, ट्रक मागे घेऊन त्याला टेकवतात आणि माल थेट आत ओढतात. काम करणारी सगळी माणसं ‘एक नंबर शटर’, ‘तीन नंबर शटर’ असंच म्हणतात. ऑफिसच्या कागदात त्यालाच ‘डॉक’ असं नाव. अण्णांनी हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या कामाच्या जागेला त्यांना माहीत नसलेलं एक नाव होतं, आणि त्या नावाने त्यांना गैरहजर ठरवलं गेलं होतं.

पाचपैकी दोन तारखांना ते कामावरच होते. मुकादमाने त्यांना तीनवरून पाच नंबरच्या शटरवर पाठवलं होतं, तिथे माल जास्त आला होता. तीन नंबरच्या हजेरीत नाव नाही, म्हणून खाडा लागला.

पाण्याचा थेंब नसलेल्या ठिकाणी डॉक कुठून आला, हे पुतणीने विचारलं. तिचा प्रश्न मला फार आवडला, आणि त्याचं उत्तर आमच्या वाचनालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

ओहोटीच्या वेळी शिवडीच्या धक्क्यावर उभं राहून बघा. पाणी मागे सरतं, लांबवर काळपट गाळ उघडा पडतो आणि एखादी होडी त्या गाळात बसते. बसते म्हणजे रुतते. भरतीला ती उचलली गेली की तिच्या बुडाच्या आकाराचा लांबट खळगा मागे राहतो, आणि पुढच्या ओहोटीला त्यात थोडं पाणी साचून राहतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द डच आणि उत्तर जर्मन किनाऱ्याच्या बोलींतून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता: ओहोटीला जहाज टेकतं तिथे गाळात पडणारा खळगा. मग माणसं असे खळगे मुद्दाम खणू लागली. पुढे त्यांना दगडी भिंती आल्या, दारं आली, आत पाणी धरून ठेवायची आणि जहाज दुरुस्त करताना पाणी उपसून टाकायची सोय आली.

मुंबईत ही सुकी गोदी १७५० मध्ये बांधली गेली. सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया तेव्हा इथे जहाजं बांधत होते. त्याच वाडियांच्या घराण्याने सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये मुंबईतून पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. पुढे १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. या शेवटच्या गोदीलाच आज आपण इंदिरा डॉक म्हणतो.

इंग्रजांच्या इंग्रजीत डॉक म्हणजे मुळात ते कोंडलेलं पाणी. माल उतरतो त्या काठाला त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत, आपण त्याला धक्का म्हणतो. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या भराव टाकून बुजवल्या तेव्हा काठावरचे दगड कुठे कुठे राहिले असतील, पण पाणी गेलं आणि त्या डॉक उरल्या नाहीत. अमेरिकेत मात्र हा शब्द पाण्यातून बाहेर आला. तिथली माणसं काठालाच, लाकडी धक्क्यालाच डॉक म्हणू लागली. मग ट्रक टेकतो तो ओटाही डॉक झाला. अमेरिकी पद्धतीची गोदामं आणि त्यांचे छापील तक्ते जगभर गेले, आणि त्यातला एक तक्ता अण्णांच्या ठेकेदाराच्या ऑफिसातही पोचला. गाळातला खळगा ते तीन नंबरचं शटर हा एका शब्दाचा सलग प्रवास आहे. अण्णांच्या या प्रकरणानंतर, १६ जानेवारी २०२५ ला इस्रोने अवकाशात दोन यानं जोडली आणि सगळ्या मराठी बातम्यांमध्ये ‘डॉकिंग’ आलं, तोही याच वाटेवरचा पुढचा मुक्काम.

अण्णा हे सगळं शांतपणे ऐकत होते. मध्येच म्हणाले, “आमच्या घरात डॉक म्हटलं की एकच. चव्वेचाळीसचा स्फोट.” १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. आत स्फोटकं होती, कापूस होता, सोन्याच्या विटा होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्याच आठवणीत. अण्णांच्या वडिलांनी तो आवाज लहानपणी ऐकला होता. ज्या घरात एका शब्दाला एवढं वजन आहे, त्या घरात ‘डॉक’ वाचून दुसरं काही मनात येणं कठीणच होतं.

शेपूट आणि पगार

दुसऱ्या वाक्यातला ‘डॉक्ड’ या जहाजांच्या गोतावळ्यातला नाहीच. पुतणीची खरी अडचण इथे होती, आणि हीच अडचण मी शिकलेल्या भाषांतरकारांतही पाहिली आहे. आपण असं धरून चालतो की शब्द एक आहे आणि त्याला अर्थ अनेक आहेत. मग पहिल्या अर्थाला ताणून दुसऱ्यापर्यंत न्यायची खटपट सुरू होते. ‘वेतन डॉक केले’, म्हणजे वेतन गोदीत नेलं, जमा केलं, तिथे ठेवलं. अण्णांनी तेच केलं, आणि त्यांचा तर्क त्यांच्या हातातल्या माहितीला धरून होता.

मी पुतणीला ‘पान’ हा शब्द दिला. झाडाचं पान, विड्याचं पान, पुस्तकाचं पान, ‘पानं वाढली, जेवायला चला’ मधलं पान. हे सगळं एका घरातलं. संस्कृत ‘पर्ण’ या शब्दाचं पान झालं आणि पानासारखं पातळ-पसरट जे जे दिसलं, किंवा पानावर जे जे मांडलं गेलं, त्याला तेच नाव मिळालं. पण ‘मद्यपान’, ‘धूम्रपान’ यातलं पान? त्याचा पर्णाशी संबंध नाही. ते ‘पिणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आलं. कानाला आणि डोळ्याला दोन्ही सारखे, पण त्यांचं मूळ वेगळं. पुस्तकाच्या पानावरून मद्यपानापर्यंत ओढूनताणून वाट काढायला गेलात, तर ती कुठेच पोचत नाही.

तिने वहीत लगेच ‘पीठ’ लिहिलं. दळलेलं पीठ आणि शक्तिपीठातलं पीठ. पहिलं ‘पिष्ट’ वरून, दुसरं आसन या अर्थाचं मूळचंच ‘पीठ’. मी न सांगता तिने हा शब्द शोधला याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

तर पगारातला डॉक. मध्ययुगीन इंग्रजीत जनावराच्या शेपटीचा मांसल, हाडाचा भाग म्हणजे ‘डॉक’. त्यावरून क्रियापद झालं: शेपूट आखूड करणं. घोड्यांची, मेंढ्यांची, कुत्र्यांची शेपटं अशी कापत. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका इंग्रजी कवितेत एका माणसाचे केस पुढून पाद्र्यासारखे ‘डॉक’ केलेले आहेत. म्हणजे तोवर हा शब्द शेपटीवरून केसांवर आला होता. कापून आखूड करणं एवढा अर्थ उरला, आणि मग माणसाच्या कमाईचं टोक कापायलाही तोच शब्द आला.

आपल्याकडे हे कसं म्हणतात? पगार कापला. खाडा धरला. कामगाराला हे दोन शब्द दुसऱ्या कुणी समजावून द्यावे लागत नाहीत. ‘पगार’ हा शब्द स्वतः पोर्तुगीजांकडून आलेला आहे. त्यांच्याकडे ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं. तो आता इतका आपला आहे की त्याचं परकेपण कुणाला जाणवत नाही. ‘डॉक्ड’ च्या जागी ‘कापले जातील’ हे दोन शब्द आले असते, तर अण्णांनी त्या कागदावर सही केलीच नसती. पुतणीनेही ते दोन शब्द सहज लिहिले असते. शब्दकोशात ‘डॉक’ ची नोंद एकदा येत नाही, चार वेळा वेगवेगळी येते, हे तिला कुणी शाळेत सांगितलं असतं तर. मोठ्या इंग्रजी कोशांत एकाच स्पेलिंगच्या डोक्यावर बारीक आकडे असतात: एक, दोन, तीन, चार. बहुतेक विद्यार्थी पहिली नोंद वाचून कोश मिटतात. तो बारीक आकडा सांगत असतो की इथून दुसऱ्या घराची वंशावळ सुरू झाली.

पिंजरा

तिसऱ्या वाक्याने मला सगळ्यात जास्त वेळ अडवलं, कारण तिथे भाषांतर चुकलेलं दिसत नव्हतं. ‘स्टूड इन द डॉक’ म्हणजे पिंजऱ्यात उभा राहिला. मी स्वतः दिवसातून दहा वेळा असं भाषांतर करते. अण्णा मान डोलवत होते, पुतणी मान डोलवत होती, मीही पुढच्या ओळीकडे वळले होते.

मी सहज विचारलं, “अण्णा, केस कसली होती?”

“रे रोडला टेम्पोने हातगाडीला उडवलं ना, ती. मी समोरच होतो. पोलिसांनी जबाब घेतला, मग समन्स आलं.”

ते साक्षीदार होते. सरकार पक्षाचे साक्षीदार.

मराठीत आपण दोघांनाही पिंजऱ्यात उभं करतो. आरोपीचा पिंजरा आणि साक्षीदाराचा पिंजरा. बोलताना पहिला शब्द गळून पडतो आणि नुसता ‘पिंजरा’ राहतो. इंग्रजीत असं होत नाही. साक्षीदार उभा राहतो तो ‘विटनेस बॉक्स’. ‘डॉक’ मध्ये उभा राहतो तो फक्त आरोपी. म्हणजे पत्राने अण्णांना आरोपी ठरवलं होतं, आणि ‘मान्य आहे’ वर सही करून अण्णांनी तसं कबूल केलं होतं.

हे पत्रात आलं कसं, याचा माग मी मुकादमापर्यंत काढला. अण्णांनी त्याला सांगितलं होतं, “दोन दिवस कोर्टात पिंजऱ्यात उभं राहायचंय, येणार नाही.” मुकादमाने ऑफिसात तोंडी तेच सांगितलं. ऑफिसातल्या मुलाने ते इंग्रजीत लिहिलं आणि पिंजऱ्यासाठी त्याला जो शब्द ठाऊक होता तो वापरला. तो मुलगाही मराठीच. त्याने आकसाने काही केलं असं मला वाटत नाही. आपल्या भाषेतल्या एका शब्दात दोन माणसं मावत होती, त्याने दुसऱ्या भाषेतला असा शब्द निवडला ज्यात एकच मावतो, आणि तो नेमका चुकीचा. तेच इंग्रजी वाक्य परत मराठीत आलं तेव्हा पुन्हा ‘पिंजरा’ झालं, त्यामुळे कुणाला वावगं वाटलंच नाही. जाताना बिघडलेली गोष्ट येताना दुरुस्त दिसली, पण कागदावर ती बिघडलेलीच राहिली.

गंमत नव्हे, पण नवल वाटावं असं एक साम्य इथे आहे. कोर्टातला डॉक ना गोदीतून आला ना शेपटीतून. तो फ्लेमिश भाषेतल्या एका शब्दाशी जुळतो, ज्याचा अर्थ कोंबड्यांचं किंवा सशांचं खुराडं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमधल्या चोराचिलटांच्या बोलीत दिसतो. ज्यांना तिथे उभं राहावं लागे, त्यांनीच त्याला हे नाव ठेवलं असणार असं मला वाटतं. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात ‘बेल-डॉक’ नावाची एक कोंडीची जागा होती, पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनला १६७० च्या खटल्यात तिथे नेऊन बसवलं होतं. त्या माणसांना जे खुराडं दिसलं, तेच आपल्याला पिंजरा म्हणून दिसलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन भाषा एकाच चित्रावर येऊन थांबल्या. आपण मात्र साक्ष द्यायला आलेल्या सज्जनालाही त्याच पिंजऱ्यात घातलं, आणि अण्णांच्या प्रकरणात त्याची किंमत मोजावी लागली.

चौथा

कोश उघडा होता म्हणून पुतणीने पहिल्या आकड्याची नोंदही वाचली. तिथे ना जहाज, ना कोर्ट. डॉक, एक रानटी पालेभाजीसारखी वनस्पती. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला हा या चौघांतला जुनाजाणता शब्द. इंग्लंडमधली पोरं खाजकुयलीसारखं झाड अंगाला लागलं की याची पानं चोळतात. त्याच कुळातली एक जात आपल्याकडे आहे, तिचं इंग्रजी नाव ‘ब्लॅडर डॉक’. आपला आंबट चुका.

अण्णांच्या घरी चुका आठवड्यातून एकदा असतोच. लालबागच्या बाजारात जुडी घेताना देठ मोडून बघायचा, कट्कन तुटला तर ताजा. पानं जाडसर, फिकट हिरवी, जिभेवर ठेवलं की लगेच आंबट. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवून त्यात ही पानं टाकली की ती बघता बघता विरघळतात आणि हिरव्याचा रंग उतरून मळकट पिवळा होतो. वर लसणीची फोडणी. अण्णा म्हणाले, “म्हणजे आम्ही इतकी वर्षं डॉक खातोय होय.” त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा हसले.

गोदी, कापणे, पिंजरा, चुका. इंग्रजीने एकाच खोलीत कोंबलेल्या चार पाहुण्यांसाठी मराठीत चार वेगळी दारं आधीपासून होती.

पुढे काय केलं

इथे फारसं नाट्य नाही. त्या वेळी १९३६ चा वेतन प्रदान कायदा लागू होता आणि अण्णांचा पगार त्याच्या महिना २४,००० रुपयांच्या मर्यादेत बसत होता. कलम ९ प्रमाणे गैरहजेरीची कपात प्रत्यक्ष गैरहजर राहिलेल्या काळाच्या प्रमाणातच करता येते, त्याहून जास्त नाही. कलम १५ खाली दाद मागायला बारा महिन्यांची मुदत होती, म्हणजे सही करून दिली तरी सगळं संपलेलं नव्हतं. अण्णांना मी हेच आधी सांगितलं, कारण आपल्या हाताने सगळं घालवलं या विचाराने ते खचले होते.

पाच तारखांचा हिशेब मांडला. दोन दिवस पाच नंबरच्या शटरवर हजर, मुकादमाच्या डायरीत नोंद. दोन दिवस कोर्टात, समन्सची प्रत आणि कोर्टाने दिलेली हजेरीची चिठ्ठी. एक दिवस खरोखर खाडा, ताप होता, कळवलं नव्हतं. अण्णांनी तो स्वतःहून सांगितला, “तो त्यांचा हक्काचा आहे, तो कापू द्या.”

उत्तर मी दोन भाषांत लिहिलं, मराठी वर आणि इंग्रजी खाली. इंग्रजीत ‘डॉक’ हा शब्द एकदाही वापरला नाही. शटरला शटर म्हटलं आणि नंबर दिला. कपातीला ‘डिडक्शन’. कोर्टाच्या वाक्यात ‘प्रॉसिक्यूशन विटनेस’ आणि समन्सचा क्रमांक. मराठीतही नुसतं ‘पिंजरा’ लिहिलं नाही, ‘सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून साक्ष दिली’ असं पूर्ण लिहिलं. शेवटी एक वाक्य: आधीच्या पत्रावरची सही शब्दांचा अर्थ न कळता झाली आहे, ती गैरहजेरीची अथवा आरोपी असल्याची कबुली धरू नये.

ऑफिसने पहिल्यांदा पत्र ठेवून घेतलं आणि काही कळवलं नाही. दुसऱ्यांदा अण्णा गेले तेव्हा साहेब जागेवर नव्हते. मारुतीच्या शेपटासारखं हे लांबणार असं वाटत असतानाच तिसऱ्या खेपेला पुतणी बरोबर गेली. पत्र लिहिणारा तो मुलगा तिच्याशी बोलला. तिने त्याला ‘डॉक’ आणि ‘विटनेस बॉक्स’ मधला फरक कोशातलं पान उघडून दाखवला. त्याला ते मनापासून लागलं असावं, कारण साहेबांपुढे विषय त्यानेच काढला.

पुढच्या पगारात चार दिवसांचे २,६०० रुपये परत आले. हजेरीचे दोन दिवस भरून दिले, कोर्टाचे दोन दिवस शिल्लक रजेत धरले. तापाच्या दिवसाचे साडेसहाशे कापलेलेच राहिले. सोबत नवं पत्र, त्यात अण्णा साक्षीदार म्हणून कोर्टात गेले होते असं स्पष्ट लिहिलेलं.

त्या प्रकरणानंतर मी वाचनालयात एक पद्धत पाडली. इंग्रजी पत्र वाचून झालं की कोर्टाचा, पगाराचा किंवा जागेचा प्रत्येक शब्द समोरच्या माणसाला त्याच्या कामातल्या भाषेत परत सांगायला लावते. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ हा प्रश्न आधी, कोश नंतर. कुणी ‘पिंजरा’ म्हणालं की लगेच विचारते, कुणाचा? पुतणी आता माझ्या शेजारी बसते. तिच्या वहीत डोक्यावर बारीक आकडे असलेल्या शब्दांची पानंच्या पानं भरली आहेत.

पहिलं पत्र मात्र ऑफिसने फाइलमधून काढलं नाही. काढता येत नाही, म्हणाले. नवं पत्र त्याच्या मागे टाचलं. म्हणून अण्णांकडच्या दोन्ही प्रतींवर आम्ही तारखेचा शिक्का घेतला, आणि त्या आता घरच्या कपाटात वडिलांच्या गोदीच्या ओळखपत्राशेजारी ठेवल्या आहेत.